आडतीचं अ‍ॅप आणि मुनिमाचा ब्राउझर: वेब अ‍ॅप्लिकेशन सुरक्षित कसं करायचं

मराठवाड्यात कॉम्प्युटरचं शिक्षण पुरं करून बाहेर पडलेल्या मुलामुलींना पहिलं काम बहुतेक ओळखीतूनच मिळतं. लातूरच्या एखाद्या क्लासचं फीचं पोर्टल, परभणीतल्या पतसंस्थेचं खातेदारांसाठीचं पान, नाहीतर बाजार समितीतल्या आडत दुकानाचा हिशेब. काम लहान, पैसे बेताचे आणि मालकाला घाई. सुरक्षेचा विषय काढला की उत्तर ठरलेलं असतं: ‘आपल्या साइटवर कोण कशाला येतंय?’

येतात. पुष्कळसे हल्ले कुणी साइट निवडून करत नाही. इंटरनेटवरचे पत्ते एकामागून एक चाचपत जाणारे प्रोग्राम ते करतात आणि साइट कुणाची आहे याच्याशी त्यांना देणंघेणं नसतं. शिवाय ज्यांचे खाते नंबर आणि मोबाइल नंबर त्या अ‍ॅपमध्ये आहेत, त्यांच्या दृष्टीनं ते अ‍ॅप लहान नसतंच. शेतकऱ्याच्या सोयाबीनचे पैसे भलत्याच खात्यात गेले तर त्याचा हंगाम गेला.

हा लेख ब्राउझरच्या वाटेनं होणाऱ्या हल्ल्यांपुरता आहे. सगळीकडं एकच उदाहरण घेऊ. समजा, लातूरच्या एका आडत दुकानासाठी तुम्ही अ‍ॅप करताय. शेतकरी त्यात लॉगिन करून आपली हिशोबपट्टी बघतो आणि काही चुकलं असेल तर ‘शेरा’ नावाच्या चौकटीत लिहितो. दुकानाचा मुनीम दुसऱ्या बाजूनं लॉगिन करून शेरे वाचतो, पट्ट्या मंजूर करतो, शेतकऱ्याचा बँक खाते नंबर बदलू शकतो. एवढ्याशा अ‍ॅपमध्ये आपल्याला लागणारे जवळजवळ सगळे धोके आहेत.

आधी ब्राउझर कुणावर विश्वास ठेवतो ते समजून घ्या

ब्राउझरमध्ये एका वेळी दहा टॅब उघडे असतात. एकात तुमचं अ‍ॅप, दुसऱ्यात बँक, तिसऱ्यात कुठलं तरी भलतंच पान. तिसऱ्या टॅबमधल्या स्क्रिप्टनं बँकेचं पान वाचू नये म्हणून ‘सेम-ओरिजिन पॉलिसी’ हा नियम आहे. १९९५ मध्ये नेटस्केपनं आपल्या ब्राउझरमध्ये जावास्क्रिप्ट आणली, तेव्हापासून तो चालत आला आहे. ओरिजिन म्हणजे तीन गोष्टी मिळून: प्रोटोकॉल, डोमेनचं पूर्ण नाव आणि पोर्ट. तिन्ही जुळल्या तरच एका पानाला दुसऱ्याचं वाचता येतं.

या नियमाच्या दोन मर्यादा नीट लक्षात ठेवा, कारण पुढचा सगळा लेख त्यांच्यावरच उभा आहे. पहिली मर्यादा: तुमच्या पानात आलेली स्क्रिप्ट कुणी लिहिली हे ब्राउझर विचारत नाही. तुमच्या सर्व्हरनं पाठवली म्हणजे ती तुमचीच, मग ती शेऱ्याच्या चौकटीतून का आलेली असेना. दुसरी मर्यादा: हा नियम दुसऱ्या साइटचं *वाचू* देत नाही, पण दुसऱ्या साइटला विनंती *पाठवायला* बहुतेक वेळा अडवत नाही. पहिल्या फटीतून एक्सएसएस (परकी स्क्रिप्ट तुमच्या पानात चालणं) येतं, दुसरीतून सीएसआरएफ (परक्या साइटवरून तुमच्या नावानं विनंती जाणं).

पायरी १: बाहेरून काय काय आत येतं त्याची यादी

कोडला हात लावण्याआधी कागद घ्या. शेरा, नाव, गाव ही उघड नावं झाली. पण मुनीम जी एक्सेल फाइल चढवतो तिच्यातला मजकूरही बाहेरचाच. पत्त्याच्या पट्टीतले पॅरामीटर, शोधाची चौकट, शेतकऱ्यानं जोडलेला पासबुकचा फोटो, त्या फोटोच्या फाइलचं नाव, दुसऱ्या एपीआयकडून येणारे बाजारभाव, हे सगळं बाहेरचं. ‘हे तर आपल्याच डेटाबेसमधून आलंय’ असं म्हणून कुठलीही ओळ यादीतून गाळू नका. डेटाबेसमध्येही ते बाहेरूनच आलेलं असतं.

पायरी २: बाहेरचा मजकूर पानावर मजकूर म्हणूनच गेला पाहिजे

एक्सएसएस, म्हणजे क्रॉस-साइट स्क्रिप्टिंग, हा या विषयाचा गाभा आहे. शेतकऱ्याच्या नावानं लॉगिन केलेल्या कुणीतरी शेऱ्याच्या चौकटीत वाक्याऐवजी ‘स्क्रिप्ट’ टॅग लिहिला. तुम्ही तो जसाच्या तसा साठवला. सकाळी मुनिमानं शेऱ्यांची यादी उघडली आणि ती स्क्रिप्ट मुनिमाच्या ब्राउझरमध्ये, मुनिमाच्या अधिकारानं चालली. आता मुनिमाला जे जे करता येतं ते सगळं तिला करता येतं, खाते नंबर बदलण्यासकट. आणि मुनिमाला स्क्रीनवर वेगळं काही दिसेलच असं नाही.

हे किती वेगानं पसरू शकतं याचं जुनं उदाहरण मायस्पेसचं आहे. ऑक्टोबर २००५ मध्ये सॅमी कामकारनं आपल्या प्रोफाइलमध्ये अशी एक स्क्रिप्ट टाकली. जो प्रोफाइल बघेल त्याच्या प्रोफाइलमध्ये ती स्वतःची नक्कल करायची. एका दिवसाच्या आत दहा लाखांहून जास्त खाती त्यात सापडली आणि मायस्पेसला साइट बंद ठेवावी लागली.

एक्सएसएसचे तीन प्रकार सांगतात. साठवलेलं, म्हणजे आपल्या शेऱ्यासारखं. परतून येणारं: लिंकच्या पॅरामीटरमध्ये लिहिलेलं पान जसंच्या तसं छापतं, उदाहरणार्थ ‘तुम्ही शोधलं:’ याच्या पुढं. आणि तिसरं डॉमचं, म्हणजे ब्राउझरनं पानाची जी रचना उभी केलेली असते तिच्यातलं: सर्व्हरचा संबंधच नाही, ब्राउझरमधली तुमचीच जावास्क्रिप्ट पत्त्यातला तुकडा उचलून पानात घालते. उपाय तिन्हींचा एकाच दिशेचा आहे. मजकूर पानावर घालताना, *ज्या जागी घालायचा त्या जागेप्रमाणे*, त्याचं एस्केपिंग करायचं, म्हणजे ब्राउझर ज्या चिन्हांना कोड समजू शकतो ती नुसती अक्षरं म्हणून दिसतील अशी बदलून द्यायची.

साध्या एचटीएमएल मजकुरात पाच चिन्हं सांभाळायची: दोन्ही कोनी कंस, अँपरसँड, दुहेरी अवतरण आणि एकेरी अवतरण. लॅरावेल या पीएचपीच्या फ्रेमवर्कमध्ये (तयार सांगाड्यात) ब्लेड ही पानं लिहायची पद्धत आहे; तिच्यात दुहेरी महिरपी कंसात लिहिलं की हे आपोआप होतं. पायथनच्या जँगो या फ्रेमवर्कच्या टेम्प्लेटमध्ये आणि जावास्क्रिप्टच्या रिअ‍ॅक्टमध्येही आपोआप होतं. साध्या पीएचपीमध्ये ‘एचटीएमएलस्पेशलचार्स’ हे फंक्शन दर वेळी स्वतः लावावं लागतं. म्हणून नवशिक्यानं शक्यतो फ्रेमवर्क घ्यावं असं माझं स्पष्ट मत आहे. दर वेळी आठवणीनं करायची गोष्ट कधीतरी राहतेच.

मग फ्रेमवर्क घेऊनही एक्सएसएस कुठून येतं? फ्रेमवर्कनं लावलेली कडी आपणच काढतो तिथून. ब्लेडमध्ये महिरपी कंसाला उद्गारचिन्हं जोडून, जँगोमध्ये ‘सेफ’ फिल्टर लावून, रिअ‍ॅक्टमध्ये ‘डेंजरसली’ने सुरू होणारं ते लांबलचक प्रॉप वापरून, साध्या जावास्क्रिप्टमध्ये ‘इनरएचटीएमएल’ वापरून. आपल्या प्रोजेक्टमध्ये या चार शब्दांचा शोध घ्या. जिथं जिथं सापडतील तिथं थांबून विचारा, हे खरंच लागतं का? इनरएचटीएमएलच्या जागी ‘टेक्स्टकंटेंट’ लिहून बहुतेक ठिकाणी काम भागतं. खरोखरच वापरणाऱ्याला ठळक, तिरपं असं काही लिहू द्यायचं असेल तर ‘डॉमप्युरिफाय’ ही लायब्ररी वापरून मजकूर गाळून घ्या. स्वतः रेग्युलर एक्स्प्रेशन लिहून ‘स्क्रिप्ट’ हा शब्द उडवत बसू नका. स्क्रिप्ट टॅगशिवायही कोड चालवता येतो, चित्राच्या टॅगवर ‘ऑनएरर’ लिहिलं तरी पुरतं.

जागेप्रमाणे एस्केपिंग म्हणजे काय ते इथं नीट बघा. मजकूर अ‍ॅट्रिब्यूटमध्ये घालत असाल तर अ‍ॅट्रिब्यूटची किंमत अवतरणात असलीच पाहिजे. मजकूर पानातल्या जावास्क्रिप्टच्या आत घालत असाल तर एचटीएमएलचं एस्केपिंग तिथं उपयोगाचं नाही. त्यासाठी जँगोचा ‘जेसन-स्क्रिप्ट’ फिल्टर किंवा लॅरावेलची तशीच सोय वापरा. आणि वापरणाऱ्यानं दिलेला पत्ता लिंकमध्ये घालत असाल तर तो एचटीटीपी किंवा एचटीटीपीएसनंच सुरू होतो ना, हे तपासा. ‘जावास्क्रिप्ट’ आणि पुढं कोलन (:) असं सुरू होणारा पत्ता एस्केपिंगमधून बिनबोभाट सुटतो, कारण त्यात ती पाच चिन्हं असतीलच असं नाही.

आता खास मराठीतली अडचण. पीएचपी ५.४ च्या आधी ‘एचटीएमएलएंटिटीज’ हे फंक्शन अक्षरसंच आयएसओ-८८५९-१ आहे असं धरून चालायचं. त्यातून देवनागरी मजकूर काढला की अक्षरांचा चुराडा व्हायचा. मराठी बिघडते म्हणून एस्केपिंगच काढून टाकलेला जुना कोड त्यामुळं अजूनही सापडतो, आणि तो नव्या प्रोजेक्टमध्ये कॉपी होतो. आजच्या पीएचपीमध्ये मूळ अक्षरसंच यूटीएफ-८ आहे. वरच्या पाच चिन्हांत एकही देवनागरी अक्षर नाही, त्यामुळं एस्केपिंगनं मराठीच्या केसालाही धक्का लागत नाही. अक्षरं तरीही बिघडत असतील तर दोष डेटाबेसच्या जोडणीत शोधा, मायएसक्यूएलमध्ये ‘यूटीएफ८एमबी४’ ठेवा.

दुसरी चूक याच्या उलट टोकाची. सुरक्षेच्या नावाखाली नावाच्या चौकटीत फक्त इंग्रजी अक्षरं चालतील असा नियम घालतात. मग ‘ज्ञानोबा’ लिहिता येत नाही, मालक ओरडतो आणि कुणीतरी सगळीच तपासणी काढून टाकतं. आत येताना लांबी आणि प्रकार बघा, जिथं आकडाच हवा तिथं आकडाच घ्या. बाकी माणसाला त्याचं नाव लिहू द्या आणि राखण बाहेर छापताना करा.

तपासायची साधी युक्ती: शेऱ्यात ‘तूर’ हा शब्द ठळक करणारा ‘बी’ टॅग लावून लिहा आणि मुनिमाचं पान उघडा. टॅग अक्षरशः जसाच्या तसा दिसला तर ती जागा ठीक आहे. तूर ठळक दिसली तर ती जागा उघडी आहे. यादीतल्या प्रत्येक चौकटीवर हे करा, एक्सेलमधल्या गावाच्या नावावरसुद्धा.

पायरी ३: कुकीला तिच्या तीन खुणा लावा

एकदा लॉगिन झालं की पुढं तुमची ओळख सेशनची, म्हणजे त्या लॉगिनची, कुकी सांगते. कुकी म्हणजे ब्राउझरमध्ये ठेवलेली छोटी नोंद, जी तो दर विनंतीसोबत सर्व्हरला पाठवतो. ती ज्याच्या हाती लागली तो मुनीम झाला. म्हणून तिला तीन गुण लावायचे. ‘एचटीटीपीओन्ली’ लावलं की जावास्क्रिप्टला ती वाचता येत नाही. ‘सिक्युअर’ लावलं की ती एचटीटीपीएसशिवाय जात नाही. ‘सेमसाइट’ लावलं की दुसऱ्या साइटवरून निघालेल्या विनंतीसोबत ती जायची की नाही ते ठरतं. २०२० मध्ये क्रोमनं, जिथं काहीच लिहिलेलं नाही तिथं ‘लॅक्स’ हे सेमसाइटचं मधलं, थोडं सैल मूल्य धरायला सुरुवात केली, पण सगळे ब्राउझर तसं करत नाहीत. आपलं आपण लिहिलेलं बरं.

लॉगिन होताच सेशनचा नंबर नवा करा. आणि लॉगिनची ओळख सांगणारं टोकन ‘लोकलस्टोरेज’ या ब्राउझरच्या साठवणीत ठेवायला शिकवणारे व्हिडिओ खूप आहेत, तेवढं ऐकू नका. तिथं ठेवलेलं पानावरची कुठलीही स्क्रिप्ट वाचू शकते.

एचटीटीपीओन्लीवर मात्र निर्धास्त होऊ नका. स्क्रिप्टला कुकी वाचता आली नाही तरी मुनिमाच्या पानात बसून ती मुनिमाच्या नावानं विनंत्या पाठवू शकते. दुसरी पायरी सोडून तिसरी करणं म्हणजे काम अर्धवटच.

पायरी ४: विनंती मुनिमानंच केली का?

मुनीम सकाळपासून अ‍ॅपमध्ये लॉगिन आहे. व्हॉट्सअ‍ॅपच्या एका ग्रुपवर ‘आजचे सोयाबीनचे भाव’ अशी लिंक येते. त्यानं ती कॉम्प्युटरवर उघडली. भाव दिसले, पण त्याच पानात एक न दिसणारा फॉर्म होता आणि तो आपोआप तुमच्या अ‍ॅपच्या ‘खाते बदला’ या पत्त्यावर सबमिट झाला. सेमसाइटनं अडवलेलं नसल्यानं ब्राउझरनं नेहमीप्रमाणे मुनिमाची कुकी सोबत जोडली. सर्व्हरला वाटलं मुनिमानंच सांगितलं. हे सीएसआरएफ, म्हणजे क्रॉस-साइट रिक्वेस्ट फोर्जरी.

बाजार समितीत माल मोजल्यावर काटापट्टी मिळते आणि ती दाखवल्याशिवाय हिशेब पुढं सरकत नाही. फॉर्मसाठीही तसंच करायचं. फॉर्म दाखवताना सर्व्हरनं एक गुप्त, अंदाज न येणारं टोकन त्यात घालायचं आणि फॉर्म परत आला की ते जुळतं का बघायचं. दुसऱ्या साइटला तुमचं पान वाचता येत नाही, म्हणून तिला हे टोकन मिळत नाही. लॅरावेल आणि जँगो दोन्हींत ही सोय तयार आहे. लॅरावेलमध्ये टोकन जुळलं नाही की ४१९ ही चूक येते, जँगोमध्ये ४०३. नवशिके इथंच वैतागतात आणि तो पत्ता तपासणीतून वगळण्याच्या यादीत टाकून मोकळे होतात. तसं करू नका. बहुतेक वेळा फॉर्ममध्ये टोकनची ओळ राहिलेली असते किंवा सेशन संपलेलं असतं.

त्यासोबत एक नियम पाळा: ‘गेट’ विनंतीनं, म्हणजे नुसतं पान मागणाऱ्या विनंतीनं, काहीही बदलता कामा नये. ‘पट्टी मंजूर करा’ ही साधी लिंक असेल तर सेमसाइट लॅक्ससुद्धा वाचवत नाही, कारण लिंकवर क्लिक करून येताना लॅक्स कुकी जाऊ देतं. मंजुरी, खोडणं, बदल हे सगळं ‘पोस्ट’नं करा.

खाते नंबर बदलण्यासारख्या कामाला टोकनही पुरेसं समजू नका. पासवर्ड पुन्हा विचारा आणि शेतकऱ्याच्या आधीपासून नोंदवलेल्या मोबाइलवर ओटीपी पाठवा. बदल झाला की त्याच नंबरवर मराठीत एसएमएस जाऊ द्या.

पायरी ५: आपलं पान दुसऱ्याच्या चौकटीत नको

दुसरी साइट तुमचं पान पारदर्शक करून आपल्या बटणावर अंथरू शकते. माणसाला वाटतं तो ‘भाव बघा’ दाबतोय, पण क्लिक पडतो ‘मंजूर करा’वर. २००८ मध्ये याला क्लिकजॅकिंग हे नाव मिळालं. उपाय एका ओळीचा आहे: कंटेंट-सिक्युरिटी-पॉलिसी या हेडरमध्ये (हेडर म्हणजे पानासोबत सर्व्हर ब्राउझरला पाठवतो ती सूचना) ‘फ्रेम-अ‍ॅन्सेस्टर्स’ला ‘नन’ किंवा ‘सेल्फ’ लिहा. जुन्या ब्राउझरसाठी ‘एक्स-फ्रेम-ऑप्शन्स’ही ठेवा.

पायरी ६: कंटेंट सिक्युरिटी पॉलिसी, पण बेतानं

हे हेडर ब्राउझरला सांगतं की या पानावर कुठून आलेल्या स्क्रिप्ट चालवायच्या. दुसऱ्या पायरीत काही निसटलंच तर इथं अडतं. पण लोक पहिल्याच दिवशी कडक नियम लावतात, पान मोडतं, आणि मग ‘अनसेफ-इनलाइन’ लिहून सगळं खुलं करतात. त्या एका शब्दानं या हेडरचा एक्सएसएसविरुद्धचा उपयोग जवळजवळ संपतो.

म्हणून क्रम असा ठेवा. आधी ‘रिपोर्ट-ओन्ली’ रूपात लावा. काही अडवलं जाणार नाही, पण काय अडवलं गेलं असतं ते ब्राउझरच्या कन्सोलमध्ये दिसेल. मग बटणांवरचे ‘ऑनक्लिक’ काढून वेगळ्या फाइलमध्ये न्या. पानात स्क्रिप्ट ठेवणं भागच असेल तर तिला नॉन्स लावा, म्हणजे दर वेळी नव्यानं तयार होणारा एक नंबर. तो कायम एकच ठेवला तर त्याला काही अर्थ नाही. कन्सोल शांत झालं की खरं हेडर लावा. स्वस्तातल्या शेअर्ड होस्टिंगवरही हेडर लावता येतात, अपाची असेल तर ‘एचटीअ‍ॅक्सेस’ फाइलमधून.

पायरी ७: उसन्या स्क्रिप्ट

मोजून बघा, तुमच्या पानावर दुसऱ्याच्या सर्व्हरवरून किती स्क्रिप्ट येतात. जेक्वेरी, तारखेचं कॅलेंडर, मराठी टायपिंगची पट्टी, भेट देणाऱ्यांचा काउंटर. प्रत्येकीला तुमच्या पानावर तुमच्याइतकाच अधिकार आहे.

२०१८ मध्ये ब्रिटिश एअरवेजच्या साइटवरच्या एका स्क्रिप्टमध्ये चोरांनी अवघ्या २२ ओळी घुसवल्या आणि प्रवाशांनी टाइप केलेले कार्डाचे तपशील परस्पर बाहेर गेले. तिथल्या माहिती आयुक्तांनी २०२० मध्ये कंपनीला २ कोटी पौंडांचा दंड केला. जून २०२४ मध्ये पॉलिफिल-डॉट-आयओ या डोमेनचं प्रकरण झालं. जुन्या ब्राउझरला मदत करणारी ती स्क्रिप्ट लाखाहून जास्त साइट वापरत होत्या. डोमेन नव्या मालकाकडं गेलं आणि तिथून लोकांना भलतीकडं नेणारा कोड यायला लागला. त्या साइटवाल्यांनी आपल्या कोडमध्ये एक अक्षरही बदललेलं नव्हतं.

लागत नाही ती स्क्रिप्ट काढा. लागते तिची फाइल उतरवून आपल्याच सर्व्हरवर ठेवा, आणि नव्या आवृत्त्यांकडं लक्ष ठेवा. बाहेरूनच घ्यायची असेल तर ठरावीक आवृत्ती घ्या आणि ‘इंटिग्रिटी’ अ‍ॅट्रिब्यूटमध्ये तिचा हॅश, म्हणजे फाइलच्या मजकुरावरून काढलेला ठसा, लिहा. फाइलमध्ये एक अक्षर बदललं तरी ब्राउझर ती चालवणार नाही. पेमेंट गेटवेसारख्या स्क्रिप्ट वरचेवर बदलत असल्यानं त्यांना हे लावता येत नाही. म्हणून पैसे भरायच्या पानावर दुसरी कुठलीच उसनी स्क्रिप्ट ठेवू नका.

पायरी ८: एक ब्राउझर, दिवसभर वेगवेगळी माणसं

या भागावर इंग्रजी मार्गदर्शकांत फार कमी लिहिलेलं असतं, आणि आपल्याकडं तर हाच सगळ्यात मोठा मुद्दा आहे. औसा, वसमत, गेवराई, अंबड, कुठल्याही तालुक्याच्या गावी जा. पीक विमा, सातबारा, जातीचं प्रमाणपत्र, नीटचा अर्ज, सगळं सेतू नाहीतर झेरॉक्सच्या दुकानातल्या एका कॉम्प्युटरवर होतं. क्रोमचं एकच प्रोफाइल, दिवसभर त्याच खुर्चीवर वेगवेगळी माणसं. तुमचा शेतकरी आपली पट्टी तिथंच बघणार आहे. सुरक्षेची पुस्तकं गृहीत धरतात की ब्राउझर वापरणाऱ्याच्या मालकीचा आहे. इथं तो तसा नाही, हे धरूनच अ‍ॅप बांधा.

‘मला लक्षात ठेवा’ची खूण आधीपासून लावलेली नसावी. शेतकऱ्याच्या लॉगिनसाठी ती मुळात देऊच नये. दहा-पंधरा मिनिटं हालचाल नसेल तर सेशन संपवा, आणि ते सर्व्हरवर संपवा. नुसतं पान बदलून लॉगिन दाखवणं म्हणजे सेशन संपणं नव्हे. जेडब्ल्यूटी (सर्व्हरनं सही केलेलं, आपली मुदत स्वतःतच बाळगणारं टोकन) वापरत असाल तर बाहेर पडल्यावरही ते टोकन मुदतीपर्यंत चालतं, तेव्हा मुदत थोडी ठेवा किंवा रद्द टोकनांची नोंद ठेवा.

वरच्या पट्टीत ‘तुम्ही अमुक नावानं आत आहात’ हे ठळक दाखवा आणि शेजारी मोठं बटण, ‘बाहेर पडा’. ते मेन्यूच्या आत दडवू नका. बाहेर पडताना ‘क्लिअर-साइट-डेटा’ हेडर पाठवा, म्हणजे पाठिंबा असलेले ब्राउझर तुमच्या साइटच्या कुकी आणि साठवण पुसतात. पट्टीच्या पानांना ‘कॅश-कंट्रोल’मध्ये ‘नो-स्टोअर’ लावा, नाहीतर पुढचा माणूस ‘बॅक’ दाबून आधीच्या माणसाचे पैसे बघतो.

पासवर्डचं काय? पासवर्डच्या चौकटीला ‘ऑटोकम्प्लीट ऑफ’ लिहिलं तरी ब्राउझर ‘पासवर्ड जपू का?’ असं विचारतोच, आणि दुकानात कुणीतरी ‘हो’ दाबतं. माझ्या मते अशा वापरासाठी शेतकऱ्याच्या मोबाइलवर ओटीपी हा पासवर्डपेक्षा बरा मार्ग आहे. ओटीपी सांगताना दुकानदार ऐकतो हे खरं, पण तो एकदाच चालतो. एसएमएसमध्ये कशासाठीचा ओटीपी ते साफ मराठीत लिहा: ‘पट्टी बघण्यासाठी’ वेगळा, ‘खाते नंबर बदलण्यासाठी’ वेगळा.

पट्टीची पीडीएफ डाउनलोड झाली की ती त्या कॉम्प्युटरच्या फोल्डरमध्ये पडून राहते, दहा जणांच्या पट्ट्यांसोबत. पानावरूनच थेट छापता येईल अशी रचना करा.

आणि एक्स्टेन्शन. त्या ब्राउझरमध्ये कुणी काय टाकलंय तुम्हाला माहीत नाही, आणि परवानगी मिळालेलं एक्स्टेन्शन पानावरचं सगळं वाचू शकतं. त्यावर तुमच्याकडं इलाज एकच: जे दाखवायची गरज नाही ते पाठवूच नका. खाते नंबराचे शेवटचे चार आकडे पुरतात. आधार नंबर तर पट्टीच्या पानावर यायचं कारणच नाही. झाकायचं काम सर्व्हरवर करा. पूर्ण नंबर पाठवून जावास्क्रिप्टनं फुल्या मारल्या तर तो पानाच्या सोर्समध्ये तसाच असतो.

पायरी ९: उरलेल्या कड्या

एचटीटीपीएस सगळीकडं. लेट्स एन्क्रिप्टची प्रमाणपत्रं फुकट मिळतात, मुदत थोडी असते, म्हणून नूतनीकरण आपोआप होतंय ना ते बघा. मग ‘यापुढं एचटीटीपीएसनंच या’ असं ब्राउझरला सांगणारं एचएसटीएस हेडर लावा, आधी थोड्या मुदतीचं. सगळ्या सबडोमेनवर एचटीटीपीएस आहे याची खात्री झाल्याशिवाय ‘इन्क्लूड-सबडोमेन्स’ लिहू नका.

पासबुकचा फोटो घेताना जेपीजी, पीएनजी एवढंच घ्या, आणि प्रकार फाइलच्या आतून तपासा, नावावर जाऊ नका. एसव्हीजी फाइल चित्र असली तरी तिच्यात स्क्रिप्ट असू शकते. फाइलचं नाव तुम्ही ठरवा, ‘एक्स-कंटेंट-टाइप-ऑप्शन्स’ला ‘नोस्निफ’ लिहा.

कॉर्स म्हणजे दुसऱ्या ओरिजिनला आपलं वाचायची परवानगी देण्याची सोय. तिची चूक आली की नेटवर शोधून पहिलं उत्तर चिकटवायची सवय वाईट. खरा धोका तेव्हा होतो, जेव्हा सर्व्हर येईल त्या ओरिजिनचं नाव तसंच परत पाठवतो आणि वर कुकीलाही परवानगी देतो. मग सेम-ओरिजिन पॉलिसी आपल्या हातानं मोडली. ज्या ओरिजिनना परवानगी द्यायची त्यांची नावं लिहून ठेवा, पूर्ण नाव जुळलं तरच परवानगी द्या.

पायरी १०: स्वतःच हल्ला करून बघा, पण आपल्याच घरात

ओवास्प या संस्थेचं ‘ज्यूस शॉप’ हे मुद्दाम कच्चं ठेवलेलं अ‍ॅप आपल्या लॅपटॉपवर चालवा. वरचे बहुतेक हल्ले त्यात करून बघता येतात. हल्ला एकदा आपल्या हातानं केला की उपाय पाठ करावा लागत नाही. मग ‘झॅप’ हे मोफत साधन आपल्या अ‍ॅपच्या चाचणीच्या प्रतीवर चालवा. ते राहिलेली हेडर आणि उघड्या चौकटी दाखवतं. मुनिमाच्या ऐवजी शेतकऱ्याच्या लॉगिननं मुनिमाचा पत्ता उघडतो का, हे मात्र स्वतः तपासा, त्यासाठी साधनावर विसंबू नका.

दुसऱ्याच्या साइटवर, मग ती गावातल्या ओळखीच्या पतसंस्थेची का असेना, लेखी परवानगीशिवाय यातलं काहीही चालवू नका. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ४३ आणि ६६ खाली तो गुन्हा ठरू शकतो. मालकाकडून काम घेतानाच चाचणीची परवानगी करारात लिहून घ्या.

आणि तरीही झालंच तर

काम देतानाच मालकाला एका कागदावर लिहून द्या: गडबड दिसली की कुणाला फोन करायचा, अ‍ॅप कोण बंद करणार, बॅकअप कुठं आहे. त्या वेळी क्रम असा: सगळी सेशन सर्व्हरवरून रद्द, खाते बदलणं आणि पैसे पाठवणं थांबवणं, सर्व्हरच्या लॉगची प्रत वेगळ्या जागी. त्यानंतर दुरुस्ती. घाईत आधी कोड बदलला किंवा सर्व्हर पुसला तर काय झालं हे कधीच कळत नाही. डेटाबेसमधले संशयित शेरेही पुसण्याआधी उतरवून ठेवा, पुरावा तोच असतो.

पैसे गेले असतील तर १९३० या हेल्पलाइनवर लगेच फोन करायला सांगा. रक्कम पुढच्या खात्यातून काढली जाण्याआधी अडवता येण्याची शक्यता सुरुवातीच्या तासांतच असते. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे त्यांच्या यादीतल्या सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायच्या असतात. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा, २०२३ मध्ये माहितीची वाजवी काळजी न घेतल्याबद्दल २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. दुकानमालकाला हे आधीच, काम सुरू करतानाच सांगा. मग सुरक्षेसाठीचे दोन आठवडे अंदाजपत्रकात मागताना तुम्हालाही संकोच वाटणार नाही.

आणि ज्यांची माहिती गेली त्या शेतकऱ्यांना सांगा. एसएमएस मराठीत, चार ओळींत: काय गेलं, कधी गेलं, आता त्यांनी काय करायचं आणि दुकानाचा कुठला नंबर लावायचा. त्या एसएमएसमध्ये लिंक घालू नका.